तुझं किती आलं?

ओंकारचा केमिस्ट्रीचा पेपर अकरा ते दोन होता. कॉलेजपासून आमचं चरईतलं घर पायी बारा मिनिटांवर. वाटेत रसवंतीवर थांबला, चपलेचा अंगठा तुटला, मित्राच्या बंद पडलेल्या स्कूटरला धक्का मारावा लागला, असं सगळं गृहीत धरलं तरी पावणेतीनला पोरगं दारात हवं. साडेचार वाजले तरी पत्ता नाही. वरण दोनदा गरम केलं, दोनदा गार झालं. शेवटी फोन केला. त्याने उचलला, घाईघाईत म्हणाला, "आई, थांब गं, इथे नव्वद की एकशे सव्वीस ते ठरतंय," आणि ठेवूनही दिला.

दुसरी एखादी आई घाबरली असती. नव्वद की एकशे सव्वीस, ही भाषा एकतर दवाखान्यातून येते नाहीतर ट्रॅफिक पोलिसाकडून. माझ्या पोटात मात्र वेगळाच गोळा आला, कारण मी ओळखलं. ऑक्झॅलिक ॲसिड! त्याचा रेणुभार, नुसतं असेल तर ९०, पाण्याच्या दोन रेणूंसकट असेल तर १२६. तीस वर्षांत मी लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरले, गॅसचा ग्राहक क्रमांक मला आजतागायत पाठ नाही, पण हे दोन आकडे मेंदूच्या कुठल्याशा फडताळात घडी न मोडता पडून होते.

सांगायचं राहिलं, मी बी.एस्सी. केमिस्ट्री. पदवी घेतली आणि एका पतपेढीत चिकटले. तिथे केमिस्ट्रीचा उपयोग एवढाच, की कर्जदार किती तापलाय हे काउंटरच्या अलीकडून कळतं.

ज्यांनी सायन्सच्या वाटेला न जाण्याचा शहाणपणा केला त्यांच्यासाठी: टायट्रेशन म्हणजे फ्लास्कमध्ये ॲसिड घ्यायचं, वर ब्युरेट नावाच्या उभ्या नळीत अल्कली भरायची, तोटी हळूच फिरवून एकेक थेंब खाली सोडायचा आणि रंग बदलला रे बदलला की थांबायचं, तोच एंड पॉइंट. किती मिली लागलं त्यावरून एकाची ताकद माहीत असेल तर दुसऱ्याची काढता येते. आमटीत चिंच आणि गूळ जुळवतो तसंच काहीसं. फरक एवढाच की आमटीत चिंच जास्त पडली तर वरून गुळाचा खडा टाकता येतो. टायट्रेशनमध्ये एक थेंब जास्त पडला की पडला. सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून.

मला जांभळी नाक्यावरून भाजी आणायचीच होती. पिशवी घेतली आणि निघाले. पोरगं कुठे असणार हे मला माहीत होतं. ठाण्यात पेपर झाल्यावर मुलं दोनच ठिकाणी जातात. पेपर चांगला गेला असेल तर मिसळ खायला आणि शंका असेल तर तलावपाळीला. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून आजवर इतके पेपर सोडवले गेलेत, की त्या कठड्याला एखादी मानद पदवी द्यायला हरकत नाही.

होतेच तिथे. पाच जणं. कठड्यावर प्रश्नपत्रिका पसरलेली, ती उडू नये म्हणून तिच्यावर लॉग टेबलची पुस्तिका आणि पुस्तिकेवर अर्धा खाल्लेला वडापाव. पाठीमागे होड्या फिरत होत्या, पलीकडे गडकरी रंगायतन, उन्हं कलायला लागलेली. एवढ्या रम्य वातावरणात पाच मुलं एकमेकांवर ओरडत होती.

"अरे, क्रिस्टल्स लिहिलंय, क्रिस्टल्स! क्रिस्टल्स म्हणजे पाणी धरायचं!"

"पाणी दिलंच नाहीये प्रश्नात!"

"दिलं नाही म्हणजे धरायचं!"

मी कठड्याला पिशवी टेकवली. "काय प्रश्न होता?" हे मी का विचारलं? शेपू-मेथी घेऊन गुमान घरी गेले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

प्रश्न असा होता: ऑक्झॅलिक ॲसिडचे १.५७५ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून २५० मिली द्रावण केलं. त्यातल्या १० मिली द्रावणाला सोडियम हायड्रॉक्साइडचं ८ मिली द्रावण लागलं. तर सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी, म्हणजे द्रावणाची ताकद, काढा. गुण तीन.

तीन गुण! सत्तरातले तीन. आणि दोन तासांपासून पाच जणं त्या तिनांवर बसली होती.

ओंकारचं उत्तर ०.१७५. त्याने ९० धरलं होतं. मिहीरचं ०.०८७५. त्यानेही ९० धरलं होतं, वर ऑक्झॅलिक ॲसिडचा एक रेणू सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू खातो हेही विसरला होता. म्हणजे एका गणितात दोन चुका. पण आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच. शर्वरीचं ०.०६२५. शर्वरी म्हणजे वर्गात पहिली येणारी मुलगी. तिने १२६ बरोबर धरलं होतं, फक्त ते दोन विसरली होती. आणि जुईचं ०.०६२४९, कारण जुईने ते लॉग टेबल वापरून काढलं होतं. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून कॉलेजातही तोच नियम. त्यामुळे ही मुलं सहाला दोनाने भागायलाही लॉग बघतात. पाऊण तास गेला तो शर्वरीचं ०.०६२५ आणि जुईचं ०.०६२४९ हे एकच उत्तर आहे की दोन वेगळी, या वादात. एकच आहे असं ठरलं, आणि ते दोघींचं असल्यामुळे बहुमताचं झालं.

पाचवा प्रथमेश. तो वडापावच्या बाजूला बसला होता, बहुधा तो त्याचाच होता. तो हळूच म्हणाला, "माझं आधी पॉइंट एकशे पंचवीस आलेलं." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. आणि त्या वाक्यातला 'आधी' तर तलावात बुडाला तो बुडालाच.

"काकू, तुम्ही बी.एस्सी. आहात ना?" शर्वरी म्हणाली. ओंकारने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यात 'सांग' आणि 'नको सांगू' दोन्ही होतं. पण एव्हाना मी भाजीच्या यादीची मागची बाजू आणि पेन काढलं होतं. आपल्याला येणारी गोष्ट चारचौघांत कुणी विचारणं, हा योग पतपेढीत येत नाही.

१.५७५ भागिले १२६. ते झालं ०.०१२५ मोल. (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक.) २५० मिलीत तेवढे, म्हणजे लिटरला चौपट, ०.०५ मोलॅरिटी. हात सुरेख चालत होता. "आता बघा," मी म्हटलं, "ऑक्झॅलिक ॲसिडला बेसिसिटी दोन, म्हणजे त्याचा एक रेणू अल्कलीचे दोन खातो. म्हणून दोनाने भागायचं." आणि दहाने गुणून, आठाने भागून, वर दोनानेही भागलं. ०.०३१२५.

पाचही जणं वाकून बघत होती. मिहीर म्हणाला, "काकू, हे नवीनच आहे."

आपण चुकलो हे माणसाला बरेचदा बोलून झाल्यावर कळतं. मला ते दशांशचिन्हाचा ठिपका देतानाच कळलं होतं. दोनाने भागायचं नव्हतं, गुणायचं होतं. पण पेन थांबेना. "तरी एकदा ताळा करून बघा," असं काहीतरी म्हणून मी यादी घडी करून पर्समध्ये टाकली. त्या घडीत मेथी, शेपू, लिंबं चार आणि माझी पदवी होती.

---

इथे मला माझं पाप सांगितलं पाहिजे, नाहीतर मी एवढी का अस्वस्थ झाले ते कळणार नाही.

१९९५ साल. एफ.वाय.ची वार्षिक प्रॅक्टिकल. मी तेव्हा कळव्याला राहायचे, कॉलेज ठाण्याला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे प्रयोगशाळेत मी मनातल्या मनात चंचुपात्र आणि शंकुपात्र म्हणायची आणि तोंडाने बीकर आणि कोनिकल फ्लास्क. त्या दिवशी मला टायट्रेशनच आलं होतं. पांढरी टाइल, तिच्यावर फ्लास्क, फ्लास्कमध्ये दोन थेंब फिनॉल्फथॅलीन. उजव्या हाताने फ्लास्क गोल गोल फिरवायचा, डाव्या हाताने ब्युरेटची तोटी. माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, फ्लास्क फिरवला की किणकिण व्हायची आणि पलीकडच्या रांगेतली मुलं बघायची. मी फ्लास्क जरा जास्तच फिरवत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

फिनॉल्फथॅलीन ॲसिडमध्ये बिनरंगी असतं आणि पीएच, म्हणजे ॲसिड-अल्कली मोजायचं माप, साधारण ८.२ च्या वर गेला की गुलाबी व्हायला लागतं. तो गुलाबी कसा हवा, तर अगदी पुसट, म्हणजे आहे की नाही असा, आणि अर्धा मिनिट टिकायला हवा. आमच्या सरांचे शब्द होते, "लाजल्यासारखा." माझा लाजला नाही. तोटी जरा घट्ट होती, मी जोर केला, ती भसकन फिरली आणि फ्लास्क एकदम राणी कलरचा झाला. पैठणीचा असतो तसला.

मला एवढं ठाऊक होतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळला की गुलाबी रंग हळूहळू मावळतो. म्हणून मी फ्लास्कमध्ये फुंकर मारली. उच्छ्वासातही कार्बन डायऑक्साइड असतोच की. एक फुंकर, दोन फुंकरी, पाच. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल मी बासुंदी गार करतेय. पुसट गुलाबी असता तर गेलाही असता. राणी कलर घालवायला फुप्फुसं भात्याएवढी हवी होती. परीक्षक सर पाठीमागे येऊन उभे होते. धुळवड होऊन चारच दिवस झाले होते. ते म्हणाले, "अजून खेळताय वाटतं?"

वेळ संपत आली होती. माझ्याकडे ११.३ असं एक बिनकामाचं रीडिंग होतं आणि तक्त्यात तीन रकाने रिकामे. शेजारच्या टेबलावर वैशाली. तिच्या कागदावर मला स्पष्ट दिसलं, ९.८. मी लिहिलं: ९.८, ९.८, ९.८. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग ९.८. याला सायन्सच्या भाषेत रीडिंग शिजवणं म्हणतात, आणि स्वयंपाकापेक्षा ते लवकर होतं.

सरांनी कागद पाहिला. "तीनही वेळा ९.८? अहो, इतकं नवरा-बायकोचंही जुळत नाही." आणि पुढे गेले.

संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर आम्ही सगळ्या जमलो. तुझं किती आलं? तुझं किती? एकीचं १२.४, एकीचं ८.६, एकीचं १०.१. मग उलगडा झाला, की बाटल्याच वेगवेगळ्या होत्या. अ, ब, क, ड. प्रत्येक टेबलावर वेगळी. माझी बाटली क आणि वैशालीची ब. त्या पुलावरून त्या दिवशी पाच कळवा लोकल गेल्या, मी एकही पकडली नाही. बोरीबंदरहून १८५३ साली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावत ठाण्याला आली, तेव्हापासून या स्टेशनात उभं राहून किती माणसांना आपलं गणित चुकल्याचं कळलं असेल, याची नोंद रेल्वेने ठेवलेली नाही. माझा नंबर बराच मागे असणार, एवढीच आशा.

---

सगळी वरात घरी आली. येणारच. मी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, सहा जणांचे पोहे भिजवले आणि हॉलमधून येणारे आवाज ऐकत कांदा चिरला. आता वाद दुसऱ्या प्रश्नावर गेला होता. ॲसेटिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड बरोबरीने मिसळले की पीएच किती? मिहीर म्हणत होता, सात. ॲसिड संपलं, बेस संपला, उरलं काय, पाणी. पाण्याचा सात. खरं तर पाण्याबरोबर सोडियम ॲसिटेट उरतं, ते जरा अल्कलीकडे झुकतं, म्हणून दोन्ही ०.१ मोलॅरिटीचे घेतले तर पीएच ८.७ च्या आसपास जातो. म्हणूनच तिथे फिनॉल्फथॅलीन चालतं, ३.१ ते ४.४ मध्येच रंग बदलून मोकळं होणारं मिथाइल ऑरेंज चालत नाही. हे सगळं मला स्वच्छ आठवत होतं. पण भाजीच्या यादीची आठवण ताजी होती, म्हणून मी मोहरी तडतडू दिली आणि गप्प बसले.

नवरा ऑफिसमधून आला. तो कॉमर्सचा. त्याने हॉलमध्ये पाहिलं, स्वयंपाकघरात आला, म्हणाला, "काय टॅली होत नाहीये?"

"पीएच."

"तो काढला कुणी?"

त्याला खोडी काढायची होती. पण हे मला माहीत होतं. म्हटलं, सोरेन्सन नावाच्या माणसाने, १९०९ साली, कोपनहेगनला, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत. नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "कार्ल्सबर्ग म्हणजे ते बिअरवाले?" तेच, म्हटलं. त्या दिवसापासून हा माणूस केमिस्ट्रीबद्दल आदराने बोलायला लागलाय. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या पदवीने त्याच्यावर पाडलेला हा एकमेव प्रभाव.

जुई पाणी प्यायला आत आली तेव्हा मी तिला मोरीतला नवऱ्याचा बनियन दाखवला. त्यावर सकाळी पिवळी आमटी सांडली होती आणि मी घाईत साबण लावून ठेवला होता. डाग लालभडक झाला होता. हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याचमुळे. "म्हणजे काकू, कुंकू हा एंड पॉइंट आहे?" तिने डोळे मोठे करून विचारलं. मी म्हटलं, बाई, हे तू भलत्या ठिकाणी बोलू नकोस. पण मला ती मुलगी आवडली. तिने उगीच लॉग टेबल वापरलं असेल, पण ती प्रश्न बरोबर विचारते.

फिनॉल्फथॅलीनचंही सांगितलं असतं, पण पोहे पुढ्यात होते. १८७१ साली बायर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम बनवलं आणि विसाव्या शतकात बराच काळ ते जुलाबाच्या गोळ्यांत वापरलं जायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात जे होतं त्याला निदान ऐतिहासिक आधार आहे. शिवाय लाचखोराला पकडताना नोटांना त्याची पूड लावतात. मग हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायला लावले की पाणी गुलाबी. अकरावीत ज्यांनी हा प्रयोग ऑप्शनला टाकला, त्यांच्यातल्या काहींना तो पुढे नोकरीत करावा लागतो.

पोहे संपले तरी उत्तर ठरेना. मिहीरने वर्गाच्या ग्रुपवर मतदान लावलं. पंधरा मिनिटांत निकाल: ०.०६२५ आघाडीवर, कारण शर्वरीचं तेच आहे हे कळल्यावर लोकांनी पटापट पक्ष बदलले. एकाने 'यापैकी नाही' असा पर्याय घालायला लावला आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला.

मला राहवेना. म्हटलं, "चला, साठे काकांकडे."

---

साठे काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, चौतीस वर्षं काढली. शिफ्टमध्ये. रात्रपाळीत टायट्रेशन केलेला माणूस वेगळाच असतो. तो दूधवाल्याने दिलेलं दूधही उजेडात धरून बघतो.

आम्ही सात जणं त्यांच्या बैठकीत शिरलो. काका बनियनवर कोडं सोडवत होते. त्यांनी शांतपणे शर्ट घातला, चष्मा पुसला, प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि पहिलंच वाक्य: "ऑक्झॅलिकने कोण स्टँडर्डाइझ करतं? आम्ही केएचपी वापरायचो." (स्टँडर्डाइझ म्हणजे अल्कलीची नेमकी ताकद काढणं आणि केएचपी हा त्यासाठीचा दुसरा पदार्थ.)

"काका, प्रश्नात ऑक्झॅलिकच दिलंय."

"दिलं असेल." जणू मुलांनी घरून आणलं होतं. "बरं. कॉस्टिक किती लागलं?"

सोडियम हायड्रॉक्साइड असा लांबलचक शब्द काकांनी आयुष्यात एकदाही वापरला नसेल. कंपनीत त्याला कॉस्टिक म्हणतात आणि ते गोणीने येतं.

"आठ मिली."

काकांनी डोळे मिटले. कागद नाही, पेन नाही. ओठ हलले. "पंधराशे पंच्याहत्तर मिलिग्रॅम अडीचशेत. म्हणजे दहा मिलीत त्रेसष्ट मिलिग्रॅम. पॉइंट वन नॉर्मल कॉस्टिकचा एक मिली म्हणजे ऑक्झॅलिक सहा पॉइंट तीन मिलिग्रॅम. म्हणजे दहा मिली लागायला हवं होतं. लागलं आठ. कॉस्टिक जड आहे तुमचं. फॅक्टर एक पॉइंट दोन पाच." डोळे उघडले. "पॉइंट एकशे पंचवीस."

हॉलमध्ये शांतता. मी मनातल्या मनात माझ्या यादीवरचं दोनाने भागणं खोडून दोनाने गुणलं. आलं की बरोबर! ०.०५ गुणिले १० गुणिले २, भागिले ८. ०.१२५.

"पण काका," शर्वरीचा आवाज जरा कापत होता, "ही नॉर्मॅलिटी झाली, ताकदीचं दुसरं माप. विचारलीय मोलॅरिटी."

"कॉस्टिकला एकच असते गं. त्याच्याकडे देण्यासारखा हायड्रॉक्सिल एकच."

शर्वरीने तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या कडेला गणित केलं. तिच्या चेहऱ्यावर ते दोन येताना मला दिसले. तिने पेन खाली ठेवलं. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला चुकताना बघणं ही काही आनंदाची गोष्ट नाही, निदान ओंकारसमोर मी तरी तसं दाखवलं नाही. मग तिने ते वाक्य उच्चारलं जे आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या संध्याकाळी शेवटी येतंच: "स्टेप्सचे मार्क देतील ना?"

"आमच्याकडे स्टेप्सचे मार्क नव्हते," काका म्हणाले. "आमच्याकडे टँकर होता." मग त्यांनी रात्री अडीचचा किस्सा सांगितला. घाईत एंड पॉइंट ओलांडला. थेंब असतो केवढा, ०.०५ मिली. पण त्या रीडिंगवर आख्खी बॅच अडकली, ड्रायव्हर गेटवर बिड्या ओढत बसला आणि सकाळी साहेबांसमोर पुन्हा टायट्रेशन करावं लागलं. पिपेट तेव्हा तोंडाने ओढायचे, रबरी बल्ब नंतर आले. "एकदा कॉस्टिक तोंडात आलं. साबणासारखं बुळबुळीत लागतं. मग दोन दिवस वरणभातालाही चव नाही." मुलं पहिल्यांदाच गप्प होऊन ऐकत होती. मिहीरने तर तोंड मिटून घेतलं.

आणि मग जुईला आठवलं. "अरे, प्रथमेशचं पॉइंट एकशे पंचवीस होतं ना!"

सगळे त्याच्याकडे वळले. प्रथमेश काकूंनी दिलेली चकली खात होता. ओंकारने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "तू बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो होतो."

"कसं काढलंस?" शर्वरीने विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता.

"क्लासच्या सरांनी सांगितलेलं. ऑक्झॅलिक दिसलं की डोळे मिटून त्रेसष्ट घ्यायचं. का ते नाही माहीत."

त्रेसष्ट म्हणजे १२६ चं निम्मं, त्यात ते दोन आपोआप आले. "बघा," काका म्हणाले, "हा लॅबमध्ये टिकेल."

"पण आता काय उपयोग," प्रथमेश म्हणाला. चकलीचा तुकडा त्याने बशीत ठेवला. "मी ते खोडलं."

"खोडलं? का?"

तो शर्वरीकडे न बघता बोलला. "ही माझ्या तिरकी पुढे बसते. हिचं पॉइंट शून्य सहाशे पंचवीस दिसलं. म्हटलं, शर्वरीचं चुकणार नाही. एक पंचावन्नला खोडलं आणि तेच लिहिलं."

शर्वरीला रागवायचं की रडायचं की खूश व्हायचं ते कळेना. तिने तिन्हींचा थोडा थोडा प्रयत्न केला. मिहीर हसत सुटला, आणि हसता हसता थांबला, कारण त्याचं ०.०८७५ अजून तसंच होतं.

---

रात्री सगळं आवरल्यावर मी एक मूर्खपणा केला. आमच्या बी.एस्सी.च्या बॅचचा ग्रुप आहे. त्यावर एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. मी तो प्रश्न तिथे टाकला. कोण सोडवतंय बघू, म्हणून.

साडेदहापर्यंत सात उत्तरं आली. त्यातली दोन मला सुद्धा नवीन होती. डोंबिवलीची एक जण, जी आता शाळेत विज्ञान शिकवते, तिने ०.१७५ काढलं. कुणीतरी विचारलं, क्रिस्टल्स म्हणजे पाणी धरायचं का? कुणीतरी लिहिलं, प्रश्नात दिलं नाहीये. मी फोन उलटा ठेवला आणि पुन्हा सरळ केला.

पावणेबाराला वैशालीचा मेसेज आला. वैशाली आता नाशिकला असते, तिची मुलगी डॉक्टर होतेय. तिने लिहिलं, "काय गं, एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलला तुझं किती आलं होतं?"

तीस वर्षं झाली. पलीकडे नवरा घोरत होता. मी लिहिलं, "खरं सांगू? ११.३. पण मी तुझं बघून ९.८ लिहिलं. आणि तुझी बाटली ब होती."

तिच्याकडून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आली. मग मेसेज: "अगं, माझं कुठलं ९.८! माझी तर ब्युरेटच गळत होती. पलीकडच्या रांगेतल्या शेखरने बोटांनी खूण केली होती, नऊ आणि आठ."

शेखरची बाटली कुठली होती, मी आठवायला लागले. आठवेना. शेखर ग्रुपवर आहे. मस्कतला असतो, वर्षातून एकदा गणपतीत येतो आणि ग्रुपवर त्याहून कमी बोलतो. बारा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसायला लागलं.